चारी पायांवर

कोपरगाव
१४ नोव्हेंबर १९७२

ती. दादास,

रतनचा वाकून नमस्कार. चांगुणावहिनीला बी सांग. भाऊबीजंला पाट मांडून ठेवला हुता. तू आला न्हाईस, मंग चंद्राला ओवाळलं. चंद्र काय बोलत न्हाई, त्यामुळं लवकर उरकलं.

ह्यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता सात महिनं झालं. उजवा हात अन पाय तसाच हाय. बोलनं थोडं सुटलंय, पन एकेक शबुद विहिरीतनं काढल्यासारखा निघतो. दोघी पोरी येऊन गेल्या. त्यांची बी घरं हायेत, किती दिस ऱ्हातील.

मळा घरापासून दीड कोस. वाट समदी काळ्या रानातली. पाटकरी सांगतो, तुमची पाळी आली, की तासाभरात चारीला, पाटाच्या फाट्याला, पानी येतं. मी चालत जायचं म्हनलं तर ह्यांना दिवसभर एकटं टाकावं लागतं. बैलगाडीत बसवलं तर हे एका अंगावर कलंडत्यात. सहादेवभावजी रोज येऊन म्हनत्यात, "वहिनी, जमीन मला वाट्यानं दे. बाई मानूस कुठं चिखल तुडवनार." गोड बोलत्यात, पन एकदा का मेर मोडून दोन्ही रानं एक झाली की आमचं रान कुठं सुरू हुतं ते मला बी सापडनार न्हाई.

म्हनून लिव्हते. आपल्या तात्याच्या मागं तुझ्याकडं ऱ्हायलेली त्येंची जीप मला दे. त्यात ह्यांना पुढं बसवता येतं, धरायला दांडकं हाय, अन चिखलात ती थांबत न्हाई. मला मळा हातातनं जाऊ द्यायचा न्हाई, येवढंच मागनं हाय.

चालवायला मानूस हाय, त्याची काळजी करू नकोस.

तुझी रतन


मिरजगाव
२६ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. रतन हिस,

अनेक आशीर्वाद. चंद्राला ओवाळल्याचं वाचलं. आलो नाही याचं कारण तू मागितलेली जीपच आहे.

सरकारी टँकर सीना नदीच्या पलीकडच्या काठाला थांबतो. पात्रातली वाळू त्याला झेपत नाही. तिथून आपल्या गावापर्यंत पाणी येतं ते जीपच्या ट्रेलरमधल्या दोन पिंपांतून. रोज सहा फेऱ्या. त्याशिवाय जिथून ही पत्रं टाकतो त्या मिरजगावहून रेशनच्या मिलो ज्वारीची पोती आणायची, गुरांच्या छावणीत कडबा टाकायचा, खडी फोडायच्या दुष्काळी कामावर कुणाच्या पायावर दगड पडला तर त्याला दवाखान्यात न्यायचं. दुपारी मागचं एक चाक उचलून त्याला पट्टा लावतो, म्हणजे कडबा कापायचं यंत्र फिरतं. परवा एस.टी. रस्त्याखाली उतरली होती, तीही ओढून काढली. शेजारचा भिमाजी म्हणतो, "सूर्यभानराव, ही गाडी हाय म्हनून लोक तुमाला वळखत्यात. न्हाईतर बी.ए. झालेलं मानूस गावात काय कामाचं?" हसण्यावारी म्हणतो, पण मी ते डायरीत लिहून ठेवलं.

म्हणून पाऊस पडेपर्यंत गाडी देता येणार नाही. हे लिहिल्यावर मी थांबलो आणि स्वतःला विचारलं: गावाची तहान हे खरं कारण आहे, की मला गाडी सोडवत नाही? दोन्ही खरं असावं. किती किती ते सांगता येत नाही.

तुझं पत्र आल्यापासून जुन्या डायऱ्या काढून बसलो आहे. नगरच्या लष्करी लिलावातून तात्या ही गाडी घेऊन आले तो दिवस सापडला. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून सगळं गाव उजवीकडून बघायला येऊन परत डावीकडे गेलं होतं. आई पंचारती घेऊन पुढे आली आणि गाडीचं तोंड कुठे, ओवाळायचं कुठे, विचारत होती. चाळीस-पन्नास माणसं दिवसभर त्या कॅनव्हासचा वास घेत उभी होती. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी खळ्यावर गाडी शिकलो. तात्यांचं एकच सांगणं असायचं: फसली की गाडी चारी पायांवर घ्यायची, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा. त्याची ती वेगळी छोटी दांडी. पुढची चाकं लावायची तर दांडी मागे ओढायची. मला तर्काने ते उलटं वाटायचं. पुढच्या चाकांसाठी पुढे ढकलावी, हे साधं नाही का?

तुझ्या लग्नाचं पानही सापडलं. २२ मे १९४९. "आज वऱ्हाड लावून देताना सीनेच्या वाळूत गाडी फसली. बाभळीच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या आणि मी गाडी बाहेर काढली. नव्या सोयऱ्यांसमोर लाज राहिली." वाचून बरं वाटलं.

चालवायला माणूस कोण आहे? ट्रकवाला असेल तर नको. ट्रकवाल्यांना त्या दांडीचं काही कळत नाही, ते नुसता एक्सिलेटर दाबत बसतात.

गोरक्षरावांना नमस्कार.

सूर्यभान


कोपरगाव
९ जानेवारी १९७३

ती. दादास,

पानी आधी, हे मला समजतं. मी बी त्याच गावचं पानी पिऊन मोठी झाले. पाऊस पडेस्तवर थांबते. पन पाऊस पडल्यावर देतो असं तू कुठंच लिव्हलं न्हाईस. पत्र दोनदा वाचलं.

मानसाचं विचारलंस. मानूस इथलाच हाय. पगार मागत न्हाई. माज्याच हातचं जेवतो. दारू न्हाई, इडी न्हाई. तात्या म्हनायचं, ह्याचा हात सूर्यभानापरीस हलका हाय.

सीनेच्या वाळूचं वाचून हसू आलं. डायरीत लिव्हलंय म्हनल्यावर खरंच असंल.

सहादेवभावजी पाडव्याला बैल आमच्या रानात घालतो म्हनत्यात. साल पाडव्याला बदलतं. तवर मला काहीतरी सांगायला पायजे.

तुझी रतन


मिरजगाव
१८ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. रतन हिस,

उत्तराला उशीर झाला. तू लिहिलेला माणूस कोण, याचा विचार करत होतो. तात्यांनी ज्याचा हात पाहिला आणि जो कोपरगावचा आहे, असा एकच आठवतो: साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवणारा आसाराम. तात्या तुझ्याकडे महिनाभर राहिले होते तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरवर बसून फिरायचे. पण तो सहादेवरावांचा मेहुणा लागतो ना? पगार घेत नाही आणि तुझ्या घरी जेवतो, हे मला सरळ दिसत नाही. उद्या तो गाडी कुणाच्या बांधावर उभी करेल ते सांगता येत नाही.

बराच विचार करून सांगतो. जमीन एक वर्ष सहादेवरावांना वाट्याने दे. दोन पंच बसवून कागद कर. गोरक्षराव उभे राहिले की परत घेता येईल. तू बाईमाणूस, आजारी माणसाचं करायचं की पाळ्या सांभाळायच्या? जिवापेक्षा जमीन मोठी नाही.

हे तुझ्या भल्यासाठी लिहितो आहे. तरी वाक्य लिहून झाल्यावर ते मला सहादेवरावांच्या वाक्यासारखं वाटलं. खोडलं नाही. तूच ठरव.

सूर्यभान


कोपरगाव
२ मार्च १९७३

दादा,

आसाराम नव्हं. मी.

मानूस म्हंजी मी. बाई मानूस नसती का? तुला कोड्यात घातलं ती माजी चूक झाली. वाटलं, तुला हसू यील अन तू वळखशील. तू वळखलं न्हाईस, उलट आसारामाला माज्या चुलीपाशी जेवायला बसवलास. तो बिचारा दोन वरसं झाली संगमनेरला ऱ्हातोय.

तू डायरीत समदं लिव्हतोस. खळ्यावर तुझ्या शेजारी कोन बसलं हुतं ते लिव्हलंस का? तू पुन्याच्या कॉलेजात हुतास तवा तात्यानं मला शिकवली. आई वरडायची, "पोरीचं पाय त्या लोखंडाला लावू नका." तात्या म्हनायचं, "बैल हाकती, मोट हाकती, ही का नगं?" तू दिवाळीला आलास तवा तात्याला ताप हुता. मंग तुला कुनी शिकवलं? तू पाच बारी गाडी कडब्याच्या गंजीत घातलीस. मी म्हनायची, दांडी मागं वढ, मागं. तू म्हनायचास, "हे उलटं आहे."

लगीन झालं अन मी शिवलं बी न्हाई. हितं कुनाला ठाव न्हाई. ह्यांना बी न्हाई.

जमीन वाट्यानं दे म्हनतोस. दादा, भावजी म्हनत्यात ते मी ऐकून घेते. तू म्हनलास तर मी कुनाला सांगू?

रतन


मिरजगाव
११ मार्च १९७३

प्रिय रतन,

तुझं पत्र खिशात घेऊन तीन दिवस पिंपं वाहिली. मग डायरी काढली. ऑक्टोबर १९४८. "गाडी शिकलो." एवढंच. कुणाकडून, ते नाही. मी खोटं लिहीत नाही असं मला वाटत आलं. खोटं लिहायची गरजच पडली नाही, वगळलं की झालं.

आणखी एक सांगायचं आहे. हे तुला माहीत नाही. कोपरगावचं स्थळ ठरलं तेव्हा मी पुण्याहून तात्यांना पत्र लिहिलं होतं: "रतन गाडी चालवते हे सोयऱ्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. लोक काय समजतील." तात्यांच्या मनात बैठकीतच सांगायचं होतं, मुलीचा गुण म्हणून. माझ्यामुळे ते गप्प राहिले. त्यांनी मला एका ओळीचं उत्तर पाठवलं, ते माझ्यापाशी आहे: "तुझं म्हणणं व्यवहाराचं आहे, पण पोरीचा हात बसला होता." शिकलेला मी होतो, आणि लाज मला वाटली.

माफी मागायची तर कशी, ते अजून कळलेलं नाही. गाडी तुझी. पाऊस पडून विहिरीला पाणी आलं की नागपंचमीला मी स्वतः घेऊन येतो. सोबत दुसरा कागद आहे, तो सहादेवरावांना वाचून दाखव. त्यात लिहिलं आहे की तात्यांची जीप पंचमीपासून रतनची, आणि मळा तीच पाहील.

गोरक्षरावांना मात्र आधी सांग. त्यांना बाहेरून कळू नये.

सूर्यभान


कोपरगाव
१० एप्रिल १९७३

ती. दादास,

पाडव्याला भावजी बैल घेऊन आलं हुतं. ओसरीवर तुझा कागद वाचून दाखवला. भावजी हसलं. म्हनलं, "जीप यील वहिनी, पन हाकनार कोन? आमचा दादा तर उठंना." मी कागदाची घडी घातली. मंग भावजीच म्हनलं, "बरं, पंचमीपर्यंत थांबतो. पंचमीच्या दिशी गाडी मळ्यापत्तोर पोचली न्हाई तर दुसऱ्या दिशी माजं औत." चार मानसांत बोललं, त्यामुळं आता फिरनार न्हाईत.

पुन्याच्या पत्राचं वाचलं. वाईट वाटलं न्हाई असं कसं म्हनू. तवा तात्या दोन दिस माज्याशी नीट बोललं न्हाईत, मला वाटायचं माजंच काय चुकलं. आता कळलं. तू सांगितलंस ते बरं केलंस. लई बरं न्हाई, पन बरं.

ह्यांना सांगायचं धाडस हुईना. चोवीस वरसं पोटात ठेवलेलं. दूध प्यायला देताना तोंडाशी येतं अन मी म्हनते, गरम हाय का बघा.

तुझी रतन


मिरजगाव
१६ जुलै १९७३

प्रिय रतन,

पाणी आलं. आठ दिवस झड होती. विहिरीत चार पुरुष खोल पाणी आहे, टँकर बंद झाला. काल जीपची शेवटची फेरी होती. गावातल्या बायकांनी तिच्या बॉनेटवर हळदकुंकू लावलं, आणि साळूबाईंनी विचारलं, "कुठं नांदायला चालली?" मी म्हटलं, कोपरगावला. त्या म्हणाल्या, "मंग वटी भरायला पायजे," आणि खरोखरच सीटवर मूठभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी ठेवली.

लायसन्सचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. डांबरी सडकेवर नेणार नाहीस असं लिहून पाठव.

पंचमीला येतो. नगरला ग्रीस भरून, राहुरीला चहा घेऊन, दुपारपर्यंत पोचेन.

सूर्यभान


कोपरगाव
२७ ऑगस्ट १९७३

ती. दादास,

सडकेवर नेनार न्हाई. लिव्हून दिलं.

पंचमीला तू किल्ली हातात दिलीस, माज्या हातनं गाडी अंगनात तीन बारी बंद पडली ती बघून तुझं तोंड उतरलं, अन तू दीडच्या एस.टी.नं निघून गेलास. मला ठाव हाय का गेलास. बघवंना म्हनून न्हवं. तू हुतास तर लोक म्हनलं असतं, भावानं नेली.

तू गेल्यावर मी ह्यांच्यापाशी बसले अन म्हनलं, मी गाडी चालवनार हाय, मला येती. हे उठून बसाय धडपडलं. मंग म्हनलं, "मला... बी... घे."

शेजारच्या दोघांनी धरून उजवीकडं पुढं बसवलं. मी डाव्या बाजूला. गल्लीतनं निघालो तर बायका दारात. झाडनं हातात धरून उभ्या. पहिल्या कोसाला माजं पाय क्लच अन ब्रेक चाचपडत हुतं, मंग त्यांचं त्यांनाच आठवलं.

चारीपाशी रात्रीच्या पावसानं नुसता राडा झाल्याला. पलीकडं बांधावर सहादेवभावजी, त्यांचा गडी अन आनखी दोन-तीन मानसं. गाडी शिरली अन बसली. मागची चाकं फिरत्यात, चिखल उडतोय, गाडी खाली खाली जातीया. भावजी वरडलं, "वहिनी, बैल आनू का?" मानसं हसली. माजं डोकंच चालंना. एक पाय क्लचवर, हातात स्टेरिंग, अन ती दांडी कुठली, कुठं वढायची, समदं इसरलं. हज्जार बारी तुला सांगितल्यालं, मलाच आठवंना.

तवर ह्यांचा डावा हात खाली गेला. चांगला हात तोच हाय. त्यो नेमका छोट्या दांडीवर गेला, अन दांडी मागं वढली. पुढं न्हाई, मागं. खट् वाजलं. मी क्लच सोडला. दादा, गाडीनं पुढच्या पायांनी जमीन धरली अन चिखलातनं वर आली, बसल्याली म्हस उठती तशी. भावजींच्या अंगावर थोडं उडालं. मुद्दाम न्हाई.

मळ्यात गाडी थांबवली. मी म्हनलं, "तुमाला कुनी सांगितलं मागं वढायचं?" हे हसाय लागलं. अर्धंच तोंड हसतं आता, पन हसलं. म्हनलं, "हिरवा... चुडा."

मला कळंना. समदं सांगायला त्यांना दोन दिस लागलं. मी तुझ्यासाठी जोडून लिव्हते.

आमच्या लग्नाच्या दिशी सीनेच्या वाळूत गाडी फसली. तू चालवत हुतास, हे तुझ्या शेजारी, मी मागं करवलीसंगं. तू ती दांडी पुढं ढकललीस. मी मागनं बघितलं. बोलायची सोय न्हवती, नवरीनं कसं बोलावं. मंग तू उतरून बाभळीच्या फांद्या तोडाय गेलास. मी दोन सीटांच्या मधनं हात घातला, दांडी मागं वढली, अन हात पदराखाली घेतला. करवली पेंगत हुती. वाटलं कुनी बघितलं न्हाई. तू परत आलास, फांद्या घातल्यास, अन गाडी निघाली. फांद्या नसत्या तरी निघाली असती.

ह्यांनी तो हात बघितला हुता. कोपरापत्तोर हिरव्या बांगड्या. मी इचारलं, मंग इतकी वरसं बोलला का न्हाईत? म्हनलं, "वाट... बघत हुतो. कवा... सांगतीस."

दोघं बी वाट बघत बसलो बघ. एक म्हनतंय ती सांगंल, दुसरं म्हनतंय त्याला कळंल.

आता रोज असंच जातो. स्टेरिंग माज्याकडं, दांडी ह्यांच्याकडं. मी "घ्या" म्हनलं की वढत्यात. कवाकवा गरज नसली तरी म्हनते. भावजींनी औत त्यांच्याच रानात घातलं. काल म्हनलं, "वहिनी, माजी खताची गाडी रुतलीया, जरा येता का?" गेलो दोघं. काढली.

तुझी डायरी खोटी पाडली म्हनून राग धरू नको.

तुझी रतन


मिरजगाव
१६ सप्टेंबर १९७३

प्रिय रतन,

राग नाही. पण पत्र वाचल्यावर मी ते १९४९चं पान पुष्कळ वेळ बघत बसलो. फांद्या तोडल्याचं आठवतं, काटा रुतल्याचं आठवतं. नदी चढून आल्यावर दांडी मागे दिसली तेव्हा मनात आलेलंही आता आठवतं: मी ओढली असेन. "असेन" हा शब्द डायरीत नाही. त्या एका गोष्टीवर मी चोवीस वर्षं पोरांना, पाहुण्यांना, खडीच्या कामावरच्या मुकादमालासुद्धा सांगत आलो की फसलेली गाडी कशी काढावी. प्रत्येक वेळी फांद्यांचं महत्त्व सांगितलं.

मी त्या गाडीत होतो आणि मला दिसलं नाही. गोरक्षरावांना दिसलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की कोपरगावकरांना काय वाटेल याची मला उगीच काळजी होती.

इकडे बरं आहे. पत्र टाकायला मिरजगावला पायी जातो. सीनेला पाणी आहे, गुडघ्याएवढं. काल भिमाजी काठावर भेटला. म्हणाला, "काय सूर्यभानराव, चारी पायांवरनं दोनावर आलात?" मी म्हटलं, आलो. मग आम्ही एकमेकांचा हात धरून पलीकडे गेलो.

घरी येऊन डायरी उघडली. जुनं वाक्य खोडलं नाही, तेही माझंच आहे. त्याच्याखाली थोडी जागा होती, तिथे आजची तारीख घालून लिहिलं:

"फांद्या मी घातल्या. दांडी रतनने ओढली."

सूर्यभान